म्हाताऱ्या कुत्र्याच्या वाटीत काय घातले गेले?

१/
म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी विकल्या जाणाऱ्या पूरक आहाराच्या कोणत्याही डबीवरची घटकांची यादी वाचून पाहावी. माशाचे तेल, यीस्ट, यकृताची भुकटी, जीवनसत्त्वे, ग्लुकोसामाइन. यांतल्या बहुतेक नावांमागे विसाव्या शतकातील एखादी प्रयोगशाळा आहे आणि त्या प्रयोगशाळेत पिंजऱ्यातले कुत्रे आहेत. त्यांच्या शरीरावरून माणसाने स्वतःच्या आजारांची उत्तरे शोधली आणि पुढे तीच उत्तरे डबीत भरून कुत्र्यांसाठी विकली. या परतीच्या प्रवासाचा हा थ्रेड.

२/
कुत्र्याला काय खाऊ घालावे, हा प्रश्न जुना आहे. रोमन विद्वान वारो याने इ.स.पू. ३७ च्या सुमारास शेतीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा तो स्वतः ऐंशीच्या घरात होता. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांना जवाची भाकरी द्यावी, पण ती दुधात भिजवून, असे तो सांगतो. हाडांचा रस्सा द्यावा, फोडलेली हाडेही द्यावीत. त्याने दात बळकट होतात. हाड खाल्ले की दात सुधारतात, हे तर्कशास्त्र ध्यानात ठेवावे. दोन हजार वर्षांनी ते पुन्हा भेटणार आहे.

३/
याच वारोने कुत्रा निवडताना वय पाहण्याची ताकीद दिली आहे. पिल्ले आणि म्हातारे कुत्रे ना स्वतःचे रक्षण करू शकत, ना मेंढ्यांचे. उलट श्वापदांचे भक्ष्य होतात. स्वतः ऐंशीचा असलेल्या लेखकाने हे लिहावे, यात थोडी क्रूर गंमत आहे. होमरच्या ‘ओडिसी’तला आर्गोस वीस वर्षे धन्याची वाट पाहतो ती शेणाच्या ढिगावर, गोचिडांनी भरलेल्या अंगाने. कामाचा कुत्रा पोसायचा, काम संपले की त्याची वाटीही संपली, अशी ती व्यवस्था होती. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी वेगळे अन्न ही कल्पना फार अलीकडची आहे.

४/
तिच्याआधी तयार श्वानखाद्य यावे लागले. जेम्स स्प्रॅट हा अमेरिकी गृहस्थ विजेपासून संरक्षण देणाऱ्या तारा विकण्यासाठी इंग्लंडला गेला. गोदीवरचे कुत्रे जहाजावरची उरलेली कडक बिस्किटे खाताना त्याने पाहिले आणि त्याला धंदा सुचला, अशी कथा सांगतात. १८६० च्या दशकाच्या आरंभी त्याचे ‘डॉग केक’ लंडनमध्ये विकले जाऊ लागले. गहू, भाज्या, बीट आणि वाळवलेल्या मांसाचा अंश. गिऱ्हाईक होते शिकारी कुत्रे बाळगणारे जमीनदार.

५/
स्प्रॅटच्या कंपनीत चार्ल्स क्रफ्ट नावाचा एक उमेदीचा विक्रेता होता. लंडनचे प्रसिद्ध ‘क्रफ्ट्स’ श्वानप्रदर्शन त्याच्याच नावाचे. पुढे कंपनीने कॉड माशाच्या यकृताचे तेल घातलेली बिस्किटेही विकली, पिल्लांसाठी आणि खाण्याच्या बाबतीत नखरे करणाऱ्यांसाठी. या तेलात नेमके काय आहे, हे तेव्हा जगात कोणालाच माहीत नव्हते. बाजार विज्ञानाच्या पुढे होता. पुढेही तो बहुधा तिथेच राहिला.

६/
त्या तेलाचे कोडे सुटले ते कुत्र्यांमुळे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या औद्योगिक शहरांतील मुलांमध्ये मुडदूस सर्रास आढळे. पाय वाकलेले, छातीचा पिंजरा दबलेला. कारण काय? ग्लासगोचे संशोधक म्हणत, कोंदट घरे आणि हालचालीचा अभाव. लंडनच्या एडवर्ड मेलनबी यांना आहाराचा संशय होता. त्यांनी पिल्लांना घरातच ठेवून ओट, पाव अशा अन्नावर वाढवले. पिल्लांचे पाय वाकले. त्यांना कॉडचे तेल दिले आणि हाडे सावरली. हे निष्कर्ष १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

७/
मेलनबींना वाटले, हा प्रभाव ‘अ’ जीवनसत्त्वाचा. अमेरिकेत मॅकॉलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२२ मध्ये तेलातले ‘अ’ नष्ट करून पाहिले. तरी ते मुडदुसावर चालले. म्हणजे आत आणखी काही होते. तेच ‘ड’ जीवनसत्त्व.

८/
या कथेत एक मौज आहे. पिल्ले उन्हात नव्हती, ही मेलनबींच्या प्रयोगातली त्रुटी मानली गेली, कारण माणसाच्या त्वचेत उन्हामुळे ‘ड’ तयार होते. पण कुत्र्याच्या त्वचेत ते पुरेसे तयार होत नाही, हे १९९० च्या दशकात स्पष्ट झाले. कुत्र्याला ते अन्नातूनच मिळावे लागते. प्रयोगासाठी प्राणी निवडला तो असा की आहाराचा प्रश्न उघडा पडावा. हा निव्वळ योगायोग होता.

९/
दुसरी गोष्ट अमेरिकेच्या दक्षिणेतली. मका, काकवी आणि डुकराची चरबी यांवर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा होई. कातडी सोलवटे, जुलाब लागत, बुद्धी भ्रमे, आणि अखेर मृत्यू. त्याच भागातल्या कुत्र्यांना ‘काळी जीभ’ नावाचा रोग होई. जोसेफ गोल्डबर्गर यांनी हे दोन्ही रोग एकच आहेत असे ओळखले आणि कुत्र्यांवर एकामागून एक अन्न तपासले. त्यांतून स्वस्त उपाय सापडला तो दारूच्या भट्टीतल्या यीस्टचा. १९२७ च्या मिसिसिपी महापुरानंतर पूरग्रस्तांना ते यीस्ट वाटण्यात आले.

१०/
गोल्डबर्गर १९२९ मध्ये वारले. त्यांना उत्तर पूर्ण कळले नव्हते. १९३७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनराड एल्व्हेजेम यांनी काळ्या जिभेच्या कुत्र्याला निकोटिनिक आम्ल दिले आणि तो सुधारला. आज ‘ब’ गटातले हे जीवनसत्त्व नियासिन म्हणून ओळखले जाते. डबीवरच्या यादीत यीस्ट असते ते या घराण्यातले.

११/
याच रोगाची एक शाखा थेट दख्खनच्या ज्वारीपर्यंत येते. दख्खनच्या पठारावर मका हे मुख्य अन्न नव्हते, तरी ज्वारीवरच भिस्त असलेल्या गरीब मजुरांत पेलाग्रा दिसे. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सी. गोपालन आणि भवानी बेलवाडी यांनी १९६० च्या दशकात कुत्र्यांना ज्वारीप्रधान आहारावर ठेवले आणि काळी जीभ पुन्हा उत्पन्न करून दाखवली. ज्वारीतील ल्युसीन या घटकाचे आधिक्य हे कारण असावे, असे त्यांनी मांडले. त्यावर पुढे बराच वाद झाला.

१२/
यावरून कोणी कुत्र्याची भाकरी बंद करू नये. प्रयोगात आहारच ज्वारीप्रधान होता आणि नियासिनची अन्य भरपाई नव्हती. मराठी घरातल्या कुत्र्याला भाकरीबरोबर कालवण मिळते, कधी मासळीचे डोके मिळते. कोकणात तर मासळीचेच जास्त.

१३/
तिसरी गोष्ट यकृताची. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे जॉर्ज व्हिपल यांनी कुत्र्यांचे रक्त काढून त्यांना रक्तक्षयी ठेवले आणि कोणत्या अन्नाने रक्त लवकर भरते, ते मोजले. यकृत सर्वांत पुढे. त्यावरून बोस्टनमध्ये मायनॉट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये तोवर प्राणघातक असलेल्या एका रक्तक्षयावर रुग्णांना यकृत खाऊ घालून उपचार केले. तिघांना १९३४ चे नोबेल मिळाले. फ्रीडा रॉबशाइट-रॉबिन्स या व्हिपल यांच्या दीर्घकाळच्या सहकारी. त्यांचे नाव पुरस्कारात नव्हते. व्हिपल यांनी आपल्या रकमेतला वाटा त्यांना दिला, एवढेच.

१४/
पुढे कळले की कुत्र्यांना यकृतातल्या लोहाचा गुण आला होता आणि माणसांना ‘ब१२’चा. उत्तर बरोबर आले, रीत वेगळीच निघाली. विज्ञानाच्या इतिहासात असे बऱ्याचदा होते.

१५/
मुडदूस, काळी जीभ, रक्तक्षय. तिन्ही ठिकाणी काहीतरी कमी होते आणि ते घातल्यावर चमत्कार घडला. याने एका संपूर्ण पिढीच्या मनात एक सूत्र बसले: शरीर बिघडले म्हणजे अन्नात काही उणे आहे, ते घाला. मुडदुसाच्या पिल्लाबाबत हे सूत्र खरे आहे. पण म्हातारपण हा उणिवेचा रोग आहे का? हा प्रश्न त्या यशाच्या गर्दीत कोणी फारसा विचारला नाही.

१६/
घालण्याची ही ओढ प्रेमाचीही असते. कुत्रा कोरडी भाकरी घेऊन पळाला म्हणून त्याच्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराष्ट्राला घरोघरी माहीत आहेत. दुसरीकडे कुत्र्याला खीर पचत नाही, असेही मराठी माणूस म्हणतो. म्हण माणसाच्या नादानीला उद्देशून आहे, हे खरे. पण म्हाताऱ्या कुत्र्याच्या स्वादुपिंडाविषयीही ती फारशी चुकत नाही.

१७/
वृद्ध श्वानाच्या आहाराचा खरा आरंभ एका अंध माणसापासून होतो. नॅशव्हिलचा मॉरिस फ्रँक १९२८ मध्ये स्वित्झर्लंडला जाऊन बडी नावाची मार्गदर्शक कुत्री घेऊन परतला. डोरोथी युस्टिस यांची ‘सीइंग आय’ ही संस्था पुढच्या वर्षी अमेरिकेत उभी राहिली आणि नंतर न्यू जर्सीत स्थिरावली. पहिली बडी १९३८ मध्ये गेली. फ्रँकने नंतरच्या प्रत्येक कुत्र्याला तेच नाव दिले. त्यामुळे पुढच्या कथांत कोणती बडी, याचा बराच गोंधळ आहे.

१८/
न्यू जर्सीतच मार्क मॉरिस हे पशुवैद्य होते. पाळीव प्राण्यांसाठी वेगळे रुग्णालय ही त्या काळात नवलाची गोष्ट, कारण पशुवैद्य म्हणजे घोड्यागुरांचा डॉक्टर. फ्रँकच्या बडीची मूत्रपिंडे निकामी होत चालली होती. मॉरिस यांनी काही घातले नाही, काढले. प्रथिने कमी, पण उत्तम दर्जाची, मीठ कमी. मूत्रपिंडांना जे बाहेर टाकावे लागते, तेच कमी करायचे. बडी सुधारली.

१९/
मॉरिस यांच्या पत्नी लुईझ घरीच हे अन्न शिजवून काचेच्या बरण्यांत भरत. बरण्या वाटेत फुटत. म्हणून डबाबंदीचे यंत्र आले. मागणी आवरेना म्हणून १९४८ मध्ये कॅन्सस राज्यातील टोपेका येथील हिल पॅकिंग कंपनीशी करार झाला. ‘के/डी’ नावाचे हे खाद्य पशुवैद्याच्या सल्ल्याने दिल्या जाणाऱ्या श्वानाहाराचे मूळ मानले जाते. त्याच वर्षी मॉरिस यांनी प्राण्यांच्या आरोग्य-संशोधनासाठी प्रतिष्ठान काढले, ज्याचे पहिले नाव बडीवरूनच होते.

२०/
या यशाचा चुकीचा अर्थही लावला गेला. आजारी मूत्रपिंडाला प्रथिने कमी द्यावीत, यावरून प्रत्येक म्हाताऱ्या कुत्र्याला ती कमी द्यावीत, असा समज रूढ झाला. पुढच्या संशोधनात दिसले की मूत्रपिंडाच्या रोगात फॉस्फरसवरचे नियंत्रण अधिक मोलाचे आहे आणि निरोगी वृद्ध कुत्र्याची प्रथिने तोडण्याचे कारण नाही. स्नायू झिजू नयेत म्हणून ती उलट भरपूर लागतात. कशातून काढायचे आणि कोणासाठी, हे पाहिल्याशिवाय वजाबाकीही आंधळीच.

२१/
वजाबाकीचा दुसरा धागा कॉर्नेल विद्यापीठातला. क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ मध्ये दाखवले की पोषक घटक पुरेसे देऊन उष्मांक कमी ठेवले तर उंदीर अधिक काळ जगतात. याच मॅके यांनी १९४३ मध्ये कुत्र्यांच्या पोषणावर पुस्तक लिहिले. म्हणजे दीर्घायुष्य आणि श्वानपोषण हे दोन्ही विषय एकाच टेबलावर होते. तरी ते कुत्र्यांवर जुळवून पाहायला अर्धे शतक लागले. उंदीर तीन वर्षांत म्हातारा होतो. कुत्र्यासाठी संशोधकाला आपल्या नोकरीची दीड दशके द्यावी लागतात.

२२/
ती अखेर दिली गेली अमेरिकेत, एका मोठ्या श्वानखाद्य कंपनीच्या केंद्रात. ४८ लॅब्राडोर पिल्ले, जोड्या एकाच वेतातल्या. अन्न दोघांना एकच. एकाला त्याच्या जोडीदाराने खाल्ले त्याहून २५ टक्के कमी. हे आयुष्यभर. निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले: पोटभर खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य ११.२ वर्षे, कमी खाणाऱ्यांचे १३.०.

२३/
त्याहून बोलका दुसरा आकडा. गटातल्या निम्म्या कुत्र्यांना सांधेदुखीवर दीर्घकालीन उपचार सुरू करावे लागले, ते वय पोटभर गटात १०.३ वर्षे होते. कमी खाणाऱ्यांत १३.३. तीन वर्षे! जिना चढताना थांबणारा, अंथरुणावरून उठताना कण्हणारा कुत्रा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही तीन वर्षे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. खाद्य विकणाऱ्या कंपनीनेच खाद्य कमी द्यावे, हे सिद्ध केले. याचे श्रेय तिला द्यायला हवे.

२४/
पण कमी अन्न डबीत भरून विकता येत नाही. १९९० च्या दशकात विकले गेले ते ग्लुकोसामाइन. १८७६ मध्ये जर्मनीत गेओर्ग लेडरहोज यांनी चिटिनपासून हा पदार्थ वेगळा काढला होता. आजही तो मुख्यतः कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांपासून बनतो. सांध्याच्या कूर्चेत तो असतो, म्हणून तो खाल्ला की कूर्चा सुधारेल, असा दावा. वारोची हाडे आणि दात इथे पुन्हा भेटतात.

२५/
कायद्याची कथा इथे महत्त्वाची आहे. अमेरिकेत १९९४ च्या आहारपूरक कायद्याने माणसांसाठीच्या पूरकांना औषधांच्या कसोटीतून बरीच मोकळीक दिली. हा कायदा प्राण्यांना लागू नाही, असे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने १९९६ मध्ये जाहीर केले. म्हणजे कुत्र्याची गोळी कायद्याने एकतर खाद्य, नाहीतर औषध. ‘पूरक’ नावाची तिसरी जागाच नाही. गोळ्या मात्र विकल्या जातच राहिल्या. २००१ मध्ये उत्पादकांनी स्वतःची संघटना काढून आपले नियम आपणच केले. गुणकारी असल्याचा पुरावा विक्रीपूर्वी मागणारे कोणी उरले नाही.

२६/
पुरावा नंतर गोळा झाला. काही चाचण्यांत किंचित लाभ दिसला, काहींत काहीच नाही. २०२२ मध्ये कुत्र्या-मांजरांच्या सांधेविकारावरील उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. माशाच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्लांना त्यात वेदनाशामक परिणामाचा आधार मिळाला. ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या जोडीबाबत मात्र लेखकांनी परिणाम नसल्याचे म्हटले आणि या वेदनेसाठी ती देऊ नये, असे सुचवले. मेलनबींच्या पिल्लांना सावरणारा मासा असा वेगळ्या कारणाने पुन्हा कामी आला.

२७/
आणि ‘ड’ जीवनसत्त्व? तेही परतले, पण भलत्याच रूपात. मेदात विरघळणारी जीवनसत्त्वे शरीरात साठतात. जास्त झालेले ‘ड’ रक्तातील कॅल्शियम वाढवते आणि मूत्रपिंडे निकामी करते. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकी प्रशासनाने काही कोरड्या श्वानखाद्यांबाबत इशारा दिला. त्यांच्या नमुन्यांत हे जीवनसत्त्व अपेक्षेच्या जवळजवळ ७० पट आढळले होते. पुढच्या वर्षी डबाबंद खाद्येही परत घ्यावी लागली. दोष पुरवठादाराच्या जीवनसत्त्व-मिश्रणात होता. तयार खाद्यात ‘ड’ आधीच असते. त्यावर घरी आणखी एक डबी उघडणाऱ्याने ही बेरीज करून पाहायला हवी.

२८/
पाकिटावरच्या ‘सीनियर’ या शब्दाची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकी पशुखाद्य अधिकाऱ्यांच्या संघटनेने कुत्र्यांसाठी पोषणाची दोन मापे ठरवली: एक वाढ आणि प्रजननासाठी, दुसरे प्रौढाच्या निर्वाहासाठी. वार्धक्यासाठी तिसरे माप नाही. त्यामुळे ‘सीनियर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन पाकिटांत उष्मांक आणि प्रथिने यांचे प्रमाण पार वेगळे असू शकते, आणि असतेही.

२९/
घालण्याच्या बाजूने बोलणारा एक गंभीर प्रयोग आहे, तो सांगितल्याशिवाय हा थ्रेड न्याय्य होणार नाही. म्हाताऱ्या कुत्र्यांचीही स्मृती जाते. ओळखीच्या खोलीत ते वाट चुकतात, रात्री जागतात. नॉर्टन मिलग्रॅम, कार्ल कॉटमन आणि एलिझाबेथ हेड यांच्या गटाने वृद्ध बीगल कुत्र्यांचे चार गट केले. एकाला ‘ई’ व ‘क’ जीवनसत्त्वे, कार्निटीन, लिपोइक आम्ल आणि पालक, गाजर, टोमॅटो अशा वनस्पतींचा अंश घातलेले खाद्य. दुसऱ्याला साधे खाद्य, पण समृद्ध दिनक्रम. तिसऱ्याला दोन्ही. चौथ्याला दोन्ही नाही. हे दोन वर्षांहून अधिक काळ चालले.

३०/
निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. खाद्याने शिकण्याची क्षमता टिकायला मदत झाली, दिनक्रमानेही झाली. दोन्ही मिळालेला गट सर्वांत पुढे राहिला. त्या समृद्ध दिनक्रमात कोडी सोडवण्याचा सराव होता, दर आठवड्याला बदलली जाणारी खेळणी होती, पिंजऱ्यात एकट्याऐवजी सोबतीला दुसरा कुत्रा होता, आणि आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे बाहेर फिरायला नेले जाई.